पाच पेल्यांतलं आलं

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला मी तोंडावर ताई म्हणते. वन्सं फक्त रागात, आणि तेही मनातल्या मनात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मनातल्या मनात वन्संच जास्त चालायचं. कारण ताईंचं नाक. आमच्या स्वयंपाकघरात कांदा जरा जास्त तांबूस झालाय हे त्यांना खालच्या मजल्यावर, जिना चढतानाच कळायचं. चपला काढायच्या आत "कांदा पुढे गेला गं" म्हणायच्या आणि हात धुवायला निघून जायच्या. मी कढईत बघायची, तर खरंच पुढे गेलेला असायचा. माणूस चुकीचं बोललं तर भांडता तरी येतं. सतत बरोबर बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या नाकावरच त्यांची नोकरी होती. शहराच्या कडेला अर्क काढायचा एक कारखाना आहे. तिथे मुळं, साली, बिया पोत्यांतून येतात आणि बाटल्यांतून बाहेर जातात. कुठला अर्क खोकल्याच्या गोळ्यांत पडतो, कुठला सरबतात, कुठला टूथपेस्टमध्ये. ताई तिथे काचसामान धुवायला म्हणून लागल्या आणि भांडी धुता धुताच "या बाटलीत काल लवंग होती, नीट धुतली गेली नाही" असं सांगायला लागल्या. मग त्यांना चाखणीच्या टेबलावर बसवलं. लांब पांढरं टेबल, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना फळीचा आडोसा, समोर छोटा नळ, आणि वर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी, की पेल्यातल्या अर्काचा रंग बघून कुणी अंदाज बांधू नये. ताईंनी या टेबलाचं वर्णन मला इतक्या वेळा ऐकवलंय की डोळे मिटून मी तिथे जाऊन बसेन.

टेबलाचा एक नियम होता. ज्याला सर्दी झाली तो बरा होईपर्यंत बाहेर. ज्याचं नाक कायमचं गेलं तो कायमचा बाहेर. टेबलावरच्या एका वयस्कर गृहस्थांचं नाक हळूहळू मंदावलं, तर त्यांना बाटल्यांना लेबलं लावायच्या विभागात पाठवलं. पगार तोच, खुर्ची मऊ. पण ताई त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायच्या. "गेले बिचारे लेबलांत." जणू गृहस्थ देवाघरीच गेले.

आणि मग ताईंना ताप आला. साधाच ताप, घरात सगळ्यांना येऊन गेला तसाच. उतरलाही. त्यानंतर एकदा माझ्या हातून अत्तराची बाटली फुटली. मी घरी बसून शिवणकाम करते, एका गिऱ्हाइकाने कौतुकाने दिलेली ती बाटली कपाटावरून खाली आली आणि सगळ्या बोळात अत्तराचा पूर झाला. माझं डोकं भणभणायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वर येऊन विचारून गेल्या की काय झालं. तेवढ्यात ताई कामावरून आल्या. मी मनाची तयारी करूनच उभी होते, आता काय काय ऐकावं लागणार. ताई बोळातून सावकाश आत आल्या, ओल्या फरशीकडे बघून म्हणाल्या, "पाणी सांडलं का गं? पुसून घे, पाय घसरेल कुणाचा."

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फडक्याकडे, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

"काय सांडलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"अत्तर," मी म्हटलं.

ताई खाली बसल्या, फरशीला जवळजवळ नाक लावलं आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग उठून साडीच्या निऱ्या झटकल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. तो पोटात काही ठेवत नाही." इतकी वर्षं ज्या नाकाचा मी राग केला ते गेलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वास परत येईल, किंवा येणार नाही. ताईंनी कारखान्यात सर्दीचं कारण दिलं होतं. पण सर्दी ती कितीशी टिकणार? त्यात नेमकं आल्याचं मोठं काम आलं. खोकल्याच्या गोळ्या करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला आल्याचा अर्क हवा होता, गोळी जिभेवर ठेवताच जाणवेल असा. आल्यातून अर्क काढायच्या पद्धती चार. एक, वाफ सोडून तेल वर उडवायचं आणि थंड करून गोळा करायचं. दोन, सुकवलेलं आलं स्पिरिटमध्ये थंडच मुरत ठेवायचं. तीन, स्पिरिट उकळत ठेवायचं, म्हणजे त्याची वाफ वर जाऊन, थंड होऊन, आल्यावर पुन्हा पुन्हा ठिबकत राहते आणि दर वेळी थोडा अर्क घेऊन खाली येते. आणि चौथी, कार्बन डाय-ऑक्साइड वायू इतका दाबायचा की तो पातळ पदार्थासारखा आल्यातून वाहतो. या चौथीचं यंत्र कारखान्याकडे नव्हतं, दुसरीकडून नमुना मागवला होता. चारांतून कुठली निवडायची हे टेबलावर ठरणार होतं, आणि टेबलावर ताईंची खुर्ची होती.

"सांगून टाका ना," मी म्हटलं. "तुमचा काय गुन्हा आहे?"

"सांगितलं की लेबलं," ताई म्हणाल्या. एवढंच. त्यांचा चेहरा पडला होता.

त्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ताई आल्याचा तुकडा चावत होत्या. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर असं हसू की मला वाटलं, आला वास!

"वास नाही," त्या म्हणाल्या. "पण झोंबतंय. चांगलं झोंबतंय. म्हणजे तिखटाचा नि वासाचा रस्ता वेगळा असला पाहिजे."

झालं. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचा ताबा गेला. त्यांनी एकच मोठी मुळी घेतली, सोलली, सारखे तुकडे केले. थोडं किसून पिळलं. थोडं झाकण ठेवून उकळलं. थोडं उघड्या भांड्यात इतका वेळ उकळलं की खिडकीची काच घामेजली. मी मदत म्हणून टोपलीतला दुसरा एक तुकडा किसून दिला, तर केवढ्या खेकसल्या! "वेगवेगळी मुळी घेतलीस तर फरक आल्याचा की पद्धतीचा, ते कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची." मी म्हटलं, मग माझं भांडं तरी बदला, बुडाशी काळं झालंय. पण खरं सांगायचं तर मलाही त्यात गोडी लागली होती. शिवणयंत्रावर बसलेली मी दर थोड्या वेळाने उठून आत डोकवत होते.

सगळ्यात नवल वाटलं ते वाफेचं. ताईंनी पातेल्यात आलं आणि पाणी घातलं, मधोमध एक वाटी ठेवली, झाकण उलटं घातलं आणि त्यावर बर्फ ठेवला. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते, आणि थेंब थेंब वाटीत पडते. थोड्या वेळाने वाटी बाहेर काढली. पाण्यासारखं स्वच्छ, वर तेलाचा इवलासा तवंग. मी वास घेतला आणि म्हटलं, "ताई, हे तर आल्याहून आलं आहे!" इतका करकरीत वास, लिंबाच्या सालीसारखा. ताईंनी चमचाभर तोंडात घेतलं, गिळलं, वाट बघितली.

"पाणी आहे हे," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय! घर भरलंय वासाने."

"घर भरलं असेल. माझ्या जिभेवर काही नाही." आणि मग त्या पातेल्यात उरलेलं पाणी प्यायल्या आणि ठसका लागेपर्यंत खोकल्या. "हे बघ! तिखट इथेच राहिलंय. ते जड असतं, वाफेबरोबर उडत नाही. वास तेवढा उडतो."

मग मी वाटीतलं चाखून बघितलं. मला तर तिखट लागलं, अगदी शपथेवर. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. कुणी माझ्याकडे इतक्या कुतूहलाने याआधी कधी बघितल्याचं आठवत नाही. "तुझं नाक तुला फसवतंय," त्या म्हणाल्या. "वास आल्याचा, म्हणून जीभ म्हणते तिखटही असणार."

पुढच्या आठवड्यांत, सर्दी गेली असं सांगून, त्या कारखान्यातल्या नमुन्यांवर डोळ्यांत तेल घालून सराव करत होत्या. घरी आल्या की मला सांगायच्या. थंड मुरवलेलं पटकन लागतं, जिभेच्या टोकाला, आणि लवकर विझतं. उकळत्या स्पिरिटचं उशिरा लागतं, पण घशात खाली उतरतं आणि बसून राहतं. उष्णतेने आल्यातलं तिखट द्रव्य, जिंजरॉल, बदलतं आणि त्याचं शोगॉल होतं, ते जास्त जहाल. सुंठ ओल्या आल्याहून तिखट लागते तीही बरीचशी त्यामुळेच. वायूने काढलेलं सगळीकडून सारखं लागतं, गोल. आणि वाफेचं लागतच नाही. "म्हणजे मला चारही ओळखता येतात," ताई म्हणाल्या. "झोंबण्यावरून ओळखायचं, आणि वास कसा ते तर मला आधीपासून पाठच आहे. बोलून दाखवायचं. कुणाला कळणार?"

"आणि कळलं तर?"

"कशावरून कळेल? चारच तर आहेत."

वासाचं वर्णन करायला त्यांनी शब्दही उसने आणले होते. टेबलावर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कविराज म्हणतात. ते नुसतं 'चांगला वास' कधी म्हणत नाहीत. 'पहाटेच्या बागेतला', 'नुकत्या सोललेल्या लिंबाचा' असं म्हणतात. एरवी ताई त्यांची टर उडवायच्या. आता त्यांचीच वाक्यं घोकत होत्या. मला ते मुळीच आवडत नव्हतं. कांदा पुढे गेला म्हणून तोंडावर सांगणारी बाई, आणि आता लपवाछपवी!

चाखणीच्या दिवशी टेबलावर प्रत्येकापुढे पाच पेले आले, सगळे अर्क नेहमीसारखे साखरेच्या पाण्यात कालवलेले. ताईंनी एकेक चाखला, मध्ये पाव खाल्ला, कोमट पाणी प्यायलं, थांबल्या. पहिला, जिभेच्या टोकाला: थंड मुरवण. दुसरा, काहीच नाही: वाफेचं. तिसरा उशिरा घशात उतरला: उकळतं स्पिरिट. चौथा पुन्हा काहीच नाही. पाचवा गोल, सगळीकडून, म्हणजे वायूचा. पद्धती चार, पेले पाच, आणि त्यातले दोन मुके. त्यांनी विचार केला. असं पूर्वीही व्हायचं, एकच नमुना दोनदा ठेवायचे, माणूस दोन्ही वेळा सारखंच सांगतो का ते बघायला. म्हणजे दुसरा आणि चौथा, दोन्ही वाफेचे. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग विभागप्रमुख मोठ्या बाई एकेकाला आपल्या खोलीत बोलवून तोंडीच विचारू लागल्या. ताई आत गेल्या आणि घडाघडा सांगितलं. तिखट कुठल्याचं कुठे लागतं ते सांगितलं. दुसऱ्या पेल्याविषयी म्हणाल्या, "तिखट अजिबात नाही. वास मात्र नुकत्या सोललेल्या लिंबाचा." मोठ्या बाईंनी मान हलवली. "आणि चौथा?"

"तोही तोच. तोच लिंबाचा वास," ताई म्हणाल्या, आणि वर हसून, "बाई, तुम्ही आमची परीक्षा बघताय. दोन्ही एकच आहेत."

मोठ्या बाईंनी चौथा पेला उचलला, स्वतःच्या नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "ठीक आहे, या तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या पेल्यात साखरेचं पाणी होतं.

हे ताईंना कळलं दुपारी, सगळ्यांबरोबर. मोठ्या बाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दोन गोष्टी सांगायच्या आहेत. चौथा पेला नुसतं साखरेचं पाणी होतं. ते सगळ्यांनी ओळखलं, एक सोडून. त्या एकाला त्यात लिंबाचा वास आला." टेबलावर हशा पिकला. कविराज सगळ्यात मोठ्याने हसले. "आता दुसरी. दुसऱ्या पेल्यात वाफेने काढलेलं तेल होतं. त्यात तिखटाचा अंशही नाही, यंत्राने तपासून झालंय. तुम्ही सगळ्यांनी ते तिखट आहे म्हणून सांगितलं. घसा पेटला, असंही एकाने सांगितलं." कविराजांचं हसू विरलं. "तिखट नाही असं सांगणारं माणूस एकच. आणि ही दोन्ही माणसं एकच आहेत."

मोठ्या बाईंनी नाव घेतलं नाही. ताईंकडे बघितलंही नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. घेतलंच नसतं त्यांनी नाव, ताई म्हणतात, खोलीत बोलवून एकटीला विचारलं असतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कोण असं, की ज्याची जीभ सगळ्यांहून खरी आणि नाक सगळ्यांहून खोटं?

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी बाजूची फळी धरली. "मी," त्या म्हणाल्या. "मला वास येत नाही. तापानंतर गेला. लिंबाचं मी मनाने सांगितलं."

हे मला सांगताना ताई म्हणाल्या की त्या क्षणी त्यांना लेबलांच्या विभागातली ती मऊ खुर्ची दिसत होती.

"येत नव्हता तो वास मला वर्णन करून सांगितलात, ते मला आवडलेलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याचं आपण नंतर बोलू. आता बसा." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "दुसरा पेला घ्या सगळ्यांनी. आणि पिण्याआधी नाक दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

सगळ्यांनी चिमटीत नाकं धरली. कविराजांनीही धरलं, घोट घेतला, आणि डोळे मोठे केले. "पाणी!" ते नाकात बोलले. "नुसतं साखरेचं पाणी!" दुसरं कुणी म्हणालं, "अहो, पेला बदलला का?" तिसऱ्याने पुन्हा घोट घेतला. मोठी मोठी माणसं नाकं धरून एकमेकांच्या पेल्यांतलं चाखून बघत होती, आणि ताई मधोमध नाक न धरता बसल्या होत्या. जे त्या इतके दिवस एकट्या चाखत होत्या, ते आता सगळेच चाखत होते. त्यांना म्हणे एकदम हलकं वाटलं, खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या गावचं भेटावं तसं.

"सोडा," मोठ्या बाई म्हणाल्या.

गोळ्यांसाठी शेवटी थंड मुरवण ठरलं, वर वासापुरते वाफेच्या तेलाचे थेंब. वायूच्या पद्धतीचं यंत्र आणायचा विचार होता, ते राहिलं. आणि ताईंचं असं झालं: मोठ्या बाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, नियम मोडला नाही, आणि टेबलावरूनही काढलं नाही. आता तिखट काही चाखायचं असलं की दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या नाकाला चिमटे. त्या फेरीत ताई टेबलाच्या टोकाशी बसतात आणि त्यांचा शब्द शेवटचा असतो. मग चिमटे काढून वासाची फेरी होते, तेव्हा त्यांनी उठून बाहेर जायचं.

माझ्या नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, ताई, म्हणजे बढतीच की! ताई त्याला हो म्हणाल्या. तो उठून गेल्यावर मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. कांदा किती पुढे गेला हे आता मला कुणी सांगत नाही, आणि मला ते सोसत नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"बाहेर जायला लागतं, त्याचं वाईट वाटत असेल," मी म्हटलं.

"मी लगेच नाही जात. बाई 'सोडा' म्हणतात ना, तेवढी थांबते. चिमटे निघतात आणि एकदम सगळ्यांचे चेहरे उमलतात. कविराज तर डोळेच मिटतात. ते बघते, मग जाते."

"कशाला बघता, ताई? त्रास होत नाही का?"

"होतो ना," ताई म्हणाल्या. "पण आल्याला वास असतो, हे मला आता तेवढ्यावरूनच कळतं."